ग्रॅव्हल काढून रेती टाकायची? आधी फिल्टरचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात मानेवाड्याला घर, ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच टँक, चार वर्षं जुना. तळाशी निळी-पांढरी ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडे, तिच्याखाली अंडरग्रॅव्हल फिल्टरची प्लेट आणि तिला जोडलेला एअर पंप. मासे म्हणाल तर सहा कोरीडोरास, दोन एंजल आणि डझनभर टेट्रा. कोरींच्या मिशा झिजल्यासारख्या दिसतात, कुणीतरी म्हणालं रेती टाका, म्हणून येत्या रविवारी ग्रॅव्हल काढून कन्हान नदीची रेती टाकायचं ठरवलंय. विचारलंय एवढंच की रेती कोणती, किती, आणि मासे आत ठेवूनच हे जमेल का.

रेतीचं सांगतो, ते सोपं आहे. पण येत्या रविवारी हे काम करू नका. तुमच्या टँकमध्ये ग्रॅव्हल ही नुसती तळाची सजावट नाही, तोच तुमचा फिल्टर आहे. दुसरा फिल्टर तुम्ही लिहिलेलाच नाही, म्हणजे तो नसावा असं धरून चालतो. ग्रॅव्हल काढली की फिल्टर काढला. मासे तेवढेच, खाणं तेवढंच, आणि घाण पचवणारं कोणीच नाही. अशा टँकमध्ये रविवारी संध्याकाळी सगळं सुंदर दिसतं. मग मंगळवार-बुधवारी मासे वर येऊन तोंड मारायला लागतात आणि लोक म्हणतात रेतीच खराब होती.

थोडं कारण सांगतो, म्हणजे पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. मासे मुख्यतः कल्ल्यांमधून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पिरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना घातक, तिसरा त्या मानाने सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते खड्यांवर, स्पंजवर, काचेवर चिकटून असतात आणि त्यांना सतत वाहतं, ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. अंडरग्रॅव्हल फिल्टर पाणी ग्रॅव्हलमधून खाली ओढतो, त्यामुळे तुमची चार वर्षांची सगळी वस्ती त्या निळ्या खड्यांवर बसलेली आहे. ही वस्ती हळू वाढते. नव्या फिल्टरला पूर्ण भार उचलायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि एवढे दिवस अमोनियात काढणं तुमच्या कोरींना झेपणारं नाही.

तुमच्याकडे मागे लटकवायचा हँग-ऑन फिल्टर किंवा टँकबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर असता तर माझं उत्तर वेगळं असतं. तेव्हा बहुतेक जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि रिंग्जमध्ये असतात, ग्रॅव्हल गेली तरी मोठा हिस्सा शाबूत राहतो. अशा टँकमध्ये मी दर आठवड्याला तळाचा एकतृतीयांश भाग काढतो, मासे आतच असतात, आणि तीन-चार आठवड्यांत काम कुणाला कळायच्या आत होऊन जातं. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे तसा फिल्टर असेल तर त्यांनी हाच रस्ता धरावा. फक्त त्या काळात फिल्टरचा स्पंज धुवायला काढू नये. तळ आणि फिल्टर एकाच वेळी साफ करणं म्हणजे दोन्हीकडची वस्ती उठवणं.

तुमच्या बाबतीत मात्र हा एकतृतीयांशचा उपाय चालत नाही, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. प्लेटचा एक भाग उघडा पडला की पाणी सोपी वाट धरतं. सगळं पाणी त्या उघड्या भागातून प्लेटखाली जातं आणि उरलेल्या ग्रॅव्हलमधून वाहणं जवळजवळ बंद होतं. तिथले जिवाणू ऑक्सिजनअभावी मरायला लागतात. म्हणजे तुम्ही काढली एकतृतीयांश ग्रॅव्हल आणि बंद पडला जवळपास सगळाच फिल्टर. काही जण ग्रॅव्हल तशीच ठेवून वरून रेती टाकतात, तेही नको. रेतीचे बारीक कण खड्यांच्या फटींतून खाली उतरतात, फटी बुजतात, प्लेटच्या चिरांमध्ये अडकतात, आणि काही महिन्यांत निळे खडे पुन्हा वर दिसायला लागतात. रेती आणि अंडरग्रॅव्हल प्लेट यांचं एकत्र जमत नाही. रेती हवी असेल तर प्लेट बाहेर.

त्याआधी एक विचारतो: रेती खरंच हवी आहे का? कोरी तळाची रेती तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर टाकत खाणं शोधतात, हे त्यांचं नैसर्गिक वागणं आहे आणि ग्रॅव्हलवर ते त्यांना करता येत नाही. त्यामुळे कोरींसाठी रेती चांगली, यात वाद नाही. पण मिशा झिजण्याचं कारण नेहमी खड्यांची धार हेच नसतं. खड्यांच्या फटींत साचलेल्या कुजक्या गाळात तोंड घालून घालूनही मिशांना संसर्ग होतो. तळ घाण असेल तर रेतीवरही मिशा झिजतात. म्हणून आधी दोन गोष्टी बघा. मूठभर ग्रॅव्हल हातात घेऊन चोळा, धारदार लागते का? आणि सायफनची नळी ग्रॅव्हलमध्ये खुपसून बकेटमध्ये किती काळं पाणी येतं? खडे गोल गुळगुळीत असतील आणि पाणी काळंकुट्ट येत असेल, तर तुमचा पहिला उपाय सफाई आहे, रेती दुसरा.

मधला मार्गही आहे. एका उथळ काचेच्या बाउलमध्ये रेती भरून तो टँकच्या पुढच्या कोपऱ्यात ठेवायचा. कोरी दोन दिवसांत तिथे खेळायला लागतात. प्लेटचा थोडाच भाग झाकला जातो, बाकी फिल्टर चालू राहतो. भाड्याच्या घरात राहत असाल, टँक हलवायची शक्यता असेल, किंवा पुढचे दोन महिने घरी लक्ष देता येणार नसेल, तर मी हेच सुचवीन. गोल्डफिशवाल्यांनी मात्र रेतीकडे जावंच, त्यांच्या तोंडात खडा अडकण्याची भीती खरी असते. आणि फ्लॉवरहॉर्न पाळणाऱ्यांनी ना रेती ना ग्रॅव्हल, काचेचा तळ मोकळा ठेवलेला बरा. तो मासा सगळं उकरून ठेवतो.

बदलायचंच ठरवलं, तर पहिलं काम आज करा: स्पंज फिल्टर आणा. तुमच्या टँकला मधल्या आकाराचे दोन पुरतील, दोन टोकांना एक-एक. एअर पंप दोन तोंडांचा असेल तर उत्तम. एकच तोंड असेल तर दुसरा पंप घ्या, अंडरग्रॅव्हलची हवा तोडून स्पंजला देऊ नका. दोन्ही फिल्टर एकत्र पाच-सहा आठवडे चालू द्या. स्पंज हळूहळू तपकिरी, चिकट व्हायला लागेल, तीच त्याची कमाई. तो नळाखाली धुवून पांढरा करायचा मोह आवरा. पाणी फारच कमी वाहत असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच एक-दोनदा दाबून काढा.

हे आठवडे नुसते वाट बघण्याचे नाहीत. चार वर्षं जुन्या टँकमध्ये पाण्याचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) हळूहळू खाली सरकलेला असतो, कारण जिवाणू अमोनिया पचवताना आम्ल तयार करतात आणि पाण्यातला क्षार त्यात खर्च होत जातो. वरून नुसती भर घालत राहिलं तरी हे थांबत नाही. अशा आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. मग एका दिवशी तुम्ही तळ ढवळता, चार वर्षांचा गाळ पाण्यात मिसळतो, आणि वरून नळाचं ताजं पाणी भरता. पीएच एका अंकाने चढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. पाण्याचं तापमान ३० अंश धरलं तर पीएच ७ ला तो एक टक्क्याच्याही आत असतो, पीएच ८ ला सात टक्क्यांच्या आसपास. अमोनिया तपासायच्या किटवर आकडा तोच दिसतो, आणि मासे मरतात. तळ बदलताना होणाऱ्या मरतुकीत याचा वाटा मोठा असतो असं माझं मत आहे.

म्हणून या काळात दर आठवड्याला पाव ते एकतृतीयांश पाणी बदला आणि प्रत्येक वेळी ग्रॅव्हलच्या वेगळ्या भागात सायफन खुपसून गाळ ओढून घ्या. सायफन तोंडाने ओढू नका, नळी पाण्यात बुडवून भरून घ्या आणि अंगठा लावून बाहेर काढा. दोन-तीन आठवड्यांत टँकचं पाणी नळाच्या पाण्याच्या जवळ येतं आणि प्रत्यक्ष दिवशी धक्का बसत नाही. तुमच्याकडे पेंच-कन्हानचं नळाचं पाणी येतं की बोअरचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नळाचं असेल तर क्लोरीन काढायला ड्रममध्ये उघडं ठेवून एक दिवस एअर स्टोन लावा किंवा अँटी-क्लोरीन वापरा. बोअरचं असेल तर क्लोरीनची चिंता नाही, पण ते बहुधा जड असतं. तेव्हा बदल आणखी हळू करा, एका वेळी पाव टँकच्या वर नको.

आता हंगाम. नागपुरात हे काम एप्रिल-मेमध्ये करू नये. पाणी २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३५ अंशांना ७ च्या आसपास. त्यात तळ ढवळलेला, गाळ ऑक्सिजन खातोय, आणि दुपारी लाइट गेली, की संपलं. शिवाय गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, ते टँकमध्ये घालणार कसं? डिसेंबर-जानेवारीत उलटी अडचण. रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, सकाळी टाकीतलं पाणी बर्फासारखं. दिवाळीनंतरचे काही आठवडे किंवा फेब्रुवारी, हे मला सगळ्यात सोयीचे वाटतात. पावसाळ्यात पाण्याचं एवढं अडत नाही, पण नदीतला रेती उपसा तेव्हा बंद असतो आणि बाजारात जी मिळते ती बरेचदा मातीमिश्रित साठ्यातली असते. कुठल्याही महिन्यात करा, बॅटरीवर चालणारा एक छोटा एअर पंप घरात असू द्या.

रेतीकडे येतो. कन्हानची रेती चांगली आहे, मी तीच वापरत आलोय. रंग तपकिरी, दाणे बऱ्यापैकी गोल, मासे तिच्यावर रंगाने उठून दिसतात. तुम्हाला ट्रक लागणार नाही, दीड-दोन घमेली पुरेत. बिल्डिंग मटेरियलवाल्याकडून घ्या किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर विचारून घ्या. मात्र नाल्याची रेती नको. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ते नाल्याच्या रेतीत वाहून येतात आणि पाण्याचा जडपणा वाढवत राहतात. दगडाची चुरी किंवा एम-सँडही नको. ती दगड फोडून केलेली असते, कण टोकदार असतात, कोरींसाठी तर अजिबात नाही. कोकणातून हौसेने आणलेली समुद्राची वाळू शोभेच्या बरणीत ठेवा, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो.

चाचणी सोपी आहे. मूठभर सुकी रेती बाहेर अंगणात काचेच्या वाटीत घ्या, हातमोजे घालून तिच्यावर बाथरूम साफ करायच्या ॲसिडचे चार थेंब टाका. फेस आला तर चुनखडी आहे, ती रेती सोडा. व्हिनेगरनेही करता येतं, पण ते सौम्य असतं, थोडी चुनखडी असेल तर त्यात कळत नाही. वापरलेली मूठ टँकच्या रेतीत परत टाकू नका.

पांढरी सिलिका रेती, म्हणजे पाण्याच्या मोठ्या फिल्टरमध्ये भरतात ती, ही दुसरी चांगली निवड. एकसारख्या दाण्याची येते, धुवायला कमी त्रास. पण पांढऱ्या तळावर मासे फिकट पडतात आणि विष्ठेची प्रत्येक काडी दिसते. सिलिकेमुळे तपकिरी शेवाळ येतं असं दुकानात सांगतात. क्वार्ट्झ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि तसं शेवाळ कुठल्याही नव्या तळावर सुरुवातीला येतं नि जातं. रंग दिलेली रेती मी घेत नाही, रंग सुटतो.

दाणा किती? जाड रव्याएवढा, म्हणजे अर्धा ते एक मिलिमीटर. त्याहून बारीक असेल तर ती घट्ट बसते आणि उडून फिल्टरमध्ये जाते. बांधकामाच्या चाळणीतून मोठे गोटे काढा, मग घरातल्या जुन्या पिठाच्या चाळणीवर धूळ उडवून टाका. तळाची जाडी ४ सेंटिमीटर धरली तर तुमच्या टँकला अकरा लिटर रेती लागते, वजनाने साधारण १७-१८ किलो. धुण्यात काही जाते, म्हणून २५ किलो आणा. जाडी याहून वाढवू नका. जाड थरात खाली ऑक्सिजन पोचत नाही, तिथे घाण सडून सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. ४ सेंटिमीटरमध्ये ही भीती फारशी नसते.

धुणं हे या सगळ्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि त्यातच लोक घाई करतात. बकेटमध्ये एकतृतीयांश रेती घ्या, पाइपचं तोंड तळापर्यंत खुपसून जोरात पाणी सोडा, हाताने ढवळा, गढूळ पाणी ओतून द्या. अभ्रकाचे चमचमणारे कण असतील तर तेही वरून निघून जातात. ढवळल्यावर पाच सेकंदांत रेतीवरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहा. धुण्याचं पाणी बागेत सोडा, नालीत नाही, नाहीतर नाली बुजेल. हे सगळं आदल्या दिवशी उरकून टाका.

प्रत्यक्ष दिवशी मासे बाहेर काढावे लागतील, हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा जवाब. प्लेट उचलली की तिच्याखालचा चार वर्षांचा काळा लगदा वर येतो. त्यात मासे नकोत. आदल्या दिवशी त्यांना खाऊ घालू नका.

सकाळी हीटर असेल तर आधी बंद करा आणि वीस मिनिटांनी बाहेर काढा, गरम हीटर पाण्याबाहेर तडकतो. मग तळाला हात न लावता वरचं निवळ पाणी सायफनने मोठ्या टबमध्ये आणि स्वच्छ ड्रममध्ये काढून ठेवा, निम्म्याहून अधिक. जुन्या पाण्यात जिवाणू फारसे नसतात हे वर आलंच. हे पाणी ठेवायचं ते पीएच आणि तापमान सारखं राहावं म्हणून. पाणी उथळ झालं की मासे पकडणं सोपं जातं. कोरींना जाळीने पकडू नका, त्यांच्या बाजूच्या पंखांचे काटे जाळीत अडकतात. पाणी घ्यायचा मग किंवा पातेलं आडवं धरून त्यात हाकला. सगळ्यांना टबमध्ये सोडा, दोन्ही स्पंज फिल्टर लगेच तिथे लावा, वर जाळी झाका. स्पंज एका मिनिटासाठीही सुकू देऊ नका. एंजल आणि टेट्रा घाबरून उड्या मारतात, आणि भेदरलेल्या कोरी कोंदट भांड्यात स्वतःच विषारी स्राव सोडतात, म्हणून टब मोठाच घ्या.

दोनेक किलो ग्रॅव्हल बाजूला काढा, जुन्याच पाण्यात हलकेच हलवून घ्या, आणि मच्छरदाणीच्या कापडाच्या सैल पिशव्यांमध्ये भरा. या पिशव्या पुढे महिनाभर टँकमध्ये स्पंज फिल्टरला लागून ठेवायच्या, जिथे पाणी हलतं तिथे. गच्च भरलेली पिशवी उपयोगाची नाही, आत पाणी गेलं पाहिजे. तोपर्यंत त्या टबमध्ये टाका.

मग उरलेली ग्रॅव्हल प्लॅस्टिकच्या सुपलीने घमेल्यात काढा. सुपलीने काच ओरखडू नका, विशेषतः कोपऱ्यातलं सिलिकॉन. मोठ्या सोर्ड प्लांटची मुळं प्लेटच्या चिरांत गेलेली असतील, ती कापा, ओढू नका. झाड पुन्हा मुळं धरतं. प्लेट निघाली की उरलेलं काळं पाणी कुंड्यांना घाला, मोगऱ्याला ते मानवतं. काच ओल्या कापडाने पुसा, साबण नको. टँक आत काही असताना अजिबात सरकवू नका.

दगड आणि लाकूड आधी काचेवर टेकवा, मग त्यांच्याभोवती रेती. दगड रेतीवर ठेवला आणि माशांनी खालून उकरली तर तो कलंडतो. रेती सपाट पसरा किंवा मागे किंचित उंच करा. तिच्यावर ताट ठेवा आणि पाणी ताटावर हळू सोडा. आधी ड्रममधलं जुनं, मग क्लोरीन काढलेलं नवं, दोन्हींचं तापमान हाताला सारखं लागलं पाहिजे. पाणी थोडं धुरकट दिसेल. नीट धुतलेल्या रेतीचा धुरळा माशांना इजा करत नाही, एक-दोन दिवसांत बसतो. मागची काच दिसायला लागली की स्पंज, पिशव्या आणि मग मासे परत सोडा. पुढेमागे पॉवर फिल्टर लावलात तर त्याचं पाणी ओढायचं तोंड तळापासून चार बोटं वर ठेवा आणि त्यावर स्पंजची टोपी घाला, रेतीच्या कणाने त्याचा इम्पेलर, म्हणजे आतला फिरता पंखा, झिजून जातो.

पुढचे पंधरा दिवस खाणं निम्मं. पहिला दिवस तर काहीच नको. लिक्विड अमोनिया किट आणि नायट्राइट किट घ्या, पट्ट्या नकोत, आणि आठवडाभर रोज बघा. अमोनिया पाव पीपीएम (लिटरमागे पाव मिलिग्रॅम) दिसला तर त्याच दिवशी पाव पाणी बदला. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर नायट्राइट दिसू शकतं. तेव्हा पाणी बदलाच, शिवाय १०० लिटरला १० ग्रॅम मीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही, आणि एवढ्या मिठाने कोरी-टेट्रांना काही होत नाही. पाणी बदललं की तेवढ्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा.

सफाईची पद्धत आता बदलेल. सायफन रेतीत खुपसायचा नाही, अर्धा इंच वर धरून गोल फिरवायचा. घाण वर उठते आणि ओढली जाते, रेती तिथेच राहते. महिन्यातून एकदा बांबूच्या काडीने रेती इकडेतिकडे हलवा, एका वेळी एकाच बाजूची. मलेशियन ट्रम्पेट गोगलगाई असतील तर त्या हे काम रात्री फुकट करतात, मात्र खाणं जास्त पडलं की त्यांची फौज होते. काच साफ करायचा चुंबक तळाच्या जवळ नेऊ नका. रेतीचा एक कण त्यात अडकला तर काचेवर कायमचा ओरखडा. रेतीत झाडांना पोषण काही नसतं, म्हणून व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरीन यांच्या मुळाशी रूट टॅब (खताच्या गोळ्या) खुपसा. जावा फर्न आणि अनुबियस लाकडाला बांधलेलेच बरे.

राहिल्या मिशा. बुडखा शाबूत असेल तर त्या पुन्हा वाढतात, पण त्याला कित्येक आठवडे जातात. तळ स्वच्छ, अमोनिया-नायट्राइट शून्य आणि दीड-दोन महिन्यांनीही झीज चालूच असेल, तर नायट्रेट तपासा आणि तोंडाशी पांढरट किंवा लाल सूज आहे का बघा. असेल तर तो संसर्ग आहे, आणि त्या एकट्या कोरीला वेगळ्या टबमध्ये घेऊन उपचार करा. दुकानदार मेथिलीन ब्लूची बाटली हातात देईल, ती मुख्य टँकमध्ये ओतू नका. त्याने तुमचे नुकतेच बसलेले जिवाणूही मरतात.